गळाला लागलेली पहाट

मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, माथेरानही झालं. वीकएण्डला आणखी करायचं काय? भाईंदरच्या जेसल पार्कला खाडीकाठी काही मंडळी भर मे महिन्यात पहाटे उठून जिताड्याच्या मागावर असतात. त्यांच्यासोबत घालवलेला हा एक सीझन.

पहाटेचे पावणेपाच. विरारहून आलेली लोकल खाडीवरचा पूल ओलांडून भाईंदरमध्ये शिरते आणि आमच्या खिडकीची काच हलकीशी थरथरते. या वेळी जेसल पार्कात जागे असलेले सगळे एकाच दिशेला धावत असतात, स्टेशनकडे. चौथी सीट तरी मिळावी म्हणून. मी मात्र उलट्या दिशेने, चौपाटीकडे. खांद्याला लांबट बॅग, हातात प्लास्टिकची बादली. पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं होतं, ‘मॅडम, शूटिंग है क्या?’ आता तो फक्त बादलीत डोकावतो आणि मान हलवतो. बादली रिकामीच असते, हे त्यालाही पाठ झालंय.

खरं सांगायचं तर मासेमारी हा माझा प्रांतच नव्हे. मला मासा कळतो तो ताटात आल्यावर. पण फेब्रुवारीत नोकरी गेली. ‘कॉस्ट कटिंग’ नावाचा जो काही फंडा असतो, त्यात आमची अख्खी टीमच उडाली. फ्रीलान्सिंग सुरू केलं. दिवसा मेल पाठवायचे, रात्री उत्तरांची वाट बघत जागायचं. झोपेचं पार खोबरं झालं होतं. अशाच एका रात्री दीड वाजता मिनियापोलिसला ऑनसाइट असलेल्या मित्राचा फोटो आला. डोक्याला माकडटोपी, हातात एक पिवळसर मासा आणि त्या माशाचे डोळे चक्क मोत्यासारखे पांढरट चमकणारे!

‘हे काय भूत?’ मी विचारलं.

‘वॉलआय. इथला स्टेट फिश आहे. आणि तू अजून जागी काय करतेस? घरासमोर एवढी खाडी आहे तुझ्या. कधी गळ टाकलायस?’

नव्हता टाकला. दहा वर्षं जेसल पार्कात राहते. खाडी म्हणजे काय, तर ओहोटीला येणारा वास, गणपती विसर्जनाची गर्दी आणि ट्रेन पुलावर आली की मोबाइलवरून एकदा वर करायची नजर. बस्स.

चमकत्या डोळ्यांचा पाहुणा

या वॉलआयची गोष्ट आधी सांगते, कारण माझ्या डोक्यात किडा तिथूनच शिरला. उत्तर अमेरिकेतल्या थंड तलावांचा हा मासा. १९६५ मध्ये मिनेसोटाने त्याला राज्याचा मासा ठरवलं. त्याच्या डोळ्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो, मांजरीच्या डोळ्यात असतो तसाच. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्य दिसतं आणि भक्ष्याला तो दिसत नाही. लख्ख ऊन त्याला सोसत नाही. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या, उजेड फुटला, की स्वारी खूश.

बर्फ वितळला की वॉलआय उथळ खडकाळ पाण्यात अंडी घालतो. मग उन्हाळा लागतो, पाणी तापतं आणि हा गायब! म्हणजे जात कुठेच नाही, खोल पाण्याकडे सरकतो. पण खोल म्हणजे कुठेही खोल नव्हे. तळाला जिथे उंचवटा आहे, जिथे उतार एकदम तुटतो, जिथे खडक संपून चिखल सुरू होतो, अशा कडांना तो चिकटतो. वरून बघाल तर नुसतं सपाट पाणी. मासा असतो तो तळाच्या नकाशात. नॉर्थ कॅरोलिनाच्या बक पेरी नावाच्या गृहस्थांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हे लोकांच्या डोक्यात भरवलं, म्हणून त्यांना ‘स्ट्रक्चर फिशिंग’चा जनक म्हणतात. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस हौशी लोकांना परवडणारे छोटे सोनार आले आणि मग काय, प्रत्येकाला तळ दिसायला लागला. माझ्या मित्राच्या भाड्याच्या बोटीवरही तो रंगीत स्क्रीन होता. व्हिडिओ कॉलवर त्याने दाखवला. तळाचा डोंगर आणि डोंगराच्या खांद्यावर चार ठिपके.

‘हे ठिपके म्हणजे डिनर,’ तो म्हणाला.

हे सगळं ज्ञान मी दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना ऐकवलं. काका रिटायर्ड मोटरमन. संध्याकाळी चौपाटीच्या टोकाला गळ टाकून बसलेला जो पांढऱ्या टोपीतला माणूस दिसतो ना, तेच. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हणजे आडोशाचा मासा. त्यात नवीन काय सांगितलं त्या अमेरिकनने?’

तिथी गुणिले तीन, भागिले चार

काका म्हणतात, ‘वसईच्या खाडीत तलावातले नियम चालतात, पण इथे पाणी स्वस्थ बसत नाही.’ उल्हास नदी समुद्राला मिळताना तिचा एक फाटा साष्टी बेटाच्या उत्तरेने येतो, ती ही खाडी. पलीकडे नायगाव, मध्ये पाणजू बेट, मुखाशी वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतला तो. १८६४ पासून या खाडीवरून रेल्वे धावतेय. आणि या सगळ्याखालून रोज दोनदा समुद्र आत येतो, दोनदा बाहेर जातो.

मग मासा काय करतो? वाहत्या पाण्यात दिवसभर पोहत राहणं कुणालाच परवडत नाही. (विरार फास्टमध्ये दारात उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) तो आडोसा शोधतो. खडक, बुडालेला ओंडका, खारफुटीची मुळं, नाहीतर तळातला खड्डा. तिथे पाण्याचा जोर कमी असतो. जिताडा तिथे दबा धरून बसतो आणि प्रवाहाबरोबर वाहत आलेली कोळंबी, बोयटं तोंडाच्या भोकाडात ओढून घेतो. शांत पहाटे तो आवाज ऐकू येतो. ‘टप्प!’ पाण्यावर कुणी ओंजळ आपटावी तसा.

आणि गंमत बघा, जिताड्याचे डोळेही अंधारात टॉर्च मारला की लालसर चमकतात. मिनियापोलिसचा पाहुणा आणि आमचा खाडीवाला, दोघेही अंधुक उजेडाचेच गिऱ्हाईक. मित्राला हे कळवलं तर म्हणाला, ‘नाइट शिफ्टवाले!’

पण सगळा खेळ वेळेचा. मी अर्थातच मोबाइलवर भरती-ओहोटीचं अ‍ॅप टाकलं होतं. काकांकडे दिनदर्शिका होती. त्यांनी एक हिशेब शिकवला, तो कोकणात, कोळीवाड्यात लहान मुलांनाही येतो. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चारने भागा. भरतीची वेळ हजर. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांना चालतं. तीच वेळ पहाटेची आणि थोड्याफार फरकाने संध्याकाळचीही. आत खाडीत पाणी पोचायला अंमळ उशीर होतो, तेवढा धरायचा. अ‍ॅपशी ताडून बघितलं. पाव-अर्ध्या तासाच्या फरकाने काका बरोबर!

आता यातली मेख. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. पाणी एवढ्या जोराने येतं-जातं की तळाला सोडलेलं आमिष तळाला राहतच नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. पाणी सौम्य. आणि मुंबईच्या किनाऱ्याला भांगाची भरती येते नेमकी सहाच्या सुमाराला, म्हणजे उजाडतानाच. खोल खड्ड्यातला जिताडा शोधायचा तर हाच मुहूर्त. महिन्यातून दोनदा. भरती थांबते, पाणी दहा-पंधरा मिनिटं श्वास रोखल्यासारखं उभं राहतं आणि मग ओहोटी लागते. जे काही होतं ते त्याच्या आगेमागे.

शिंगाळा, शिंगाळा आणि शिंगाळा

थिअरी सॉलिड होती. प्रॅक्टिकलमध्ये मार्चभर मला शिंगाळे मिळाले. शिंगाळा हा मिशीवाला मासा, कालवण उत्तम होतं, पण त्याचा काटा टोचला की हात दोन दिवस ठणकतो. माझा ठणकला. लॅपटॉपवर डाव्या हाताने एका मॉइश्चरायझरवर आठशे शब्द लिहिले मी. एकदा तांबोशी मिळाली, तळहाताएवढी. काकांनी न विचारता सोडून दिली. ‘लेकरू आहे.’

सामान फार लागत नाही. काका अजून हातानेच तंगूस टाकतात, बोटाला गुंडाळून. माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं, म्हणतात. मी सात फुटी रॉड आणि रील घेतली, ऑनलाइन. दोरीच्या टोकाला जाड तंगुसाचा हातभर तुकडा हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, बारीक दोरी पटकन कापते. आमिष म्हणून जिवंत कोळंबी किंवा खारफुटीतल्या निवट्या. सिलिकॉनचे रंगीत मासेही मिळतात, दिसायला झक्कास. माझे तीन दगडात अडकून खाडीला अर्पण झाले.

आणि हो, पुलावर चढून गळ टाकणारे कुणी दिसले तर त्यांच्या नादी लागू नका. रेल्वेच्या हद्दीत असं फिरणं गुन्हा आहे. शिवाय काकांच्या शब्दांत, ‘पंचवीस वर्षं त्या पुलावर हॉर्न वाजवलाय मी. माणूस हॉर्न ऐकतो तेव्हा उशीर झालेला असतो.’ यावर ते पुढे कधीच काही बोलत नाहीत.

एप्रिलअखेरीस काका म्हणाले, काठावरून खड्डा लागणार नाही. होडी पाहिजे. आणि खड्डे माहीत असलेला माणूस.

तळ बघितलेला माणूस

सोनार नव्हता आमच्याकडे. पण होडीवाले दादा होते. पन्नाशीचे, काटक, बोलणं मोजून-मापून. तरुणपणी ते ‘डुबी’वर होते. तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, मीही नव्हतं ऐकलं. या खाडीतून वर्षानुवर्षं रेती निघाली. आपल्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या त्यातली कितीतरी अशाच खाड्यांमधली. सक्शन पंप नंतर आले आणि त्यांच्यावर बंदीही आली. त्याआधी आणि त्यानंतरही पारंपरिक पद्धत म्हणजे डुबी. होडीतून तळापर्यंत बांबू रोवायचा, तो धरून श्वास रोखून खाली जायचं, अंधारात चाचपडत बादली रेतीने भरायची, वर यायचं. पुन्हा खाली. दिवसभर.

‘डोळे उघडे ठेवायचात?’ मी विचारलं.

‘ठेवून काय दिसणार ताई? हाताला कळतं. रेती कुठे, चिखल कुठे, खडक कुठे. पायाला थंड लागलं की समजायचं, खड्डा आला.’

कान अजूनही दुखतात, म्हणाले. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मिनेसोटातल्या मित्राला जो तळ काही हजार रुपयांच्या स्क्रीनवर रंगीत दिसत होता, तो या माणसाने वर्षानुवर्षं हाताने चाचपला होता. ज्या खड्ड्यांत आता जिताडा बसतो, त्यातले काही त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनीच खणलेले. रेती उपसण्याने खाडीचं काय झालं, काठ कसे ढासळले, यावर बरंच बोलता येईल. दादा स्वतःच बोलतात. ‘आम्ही पोटासाठी पोखरली खाडी. आता पोटासाठीच तिथं गळ टाकतो.’

अष्टमी ठरली. वैशाख कृष्ण अष्टमी.

पाच वाजता निघालो. लाइफ जॅकेट मी हट्टाने तिघांसाठी नेली होती. काकांनी घातलं, दादांनी बसायला घेतलं. पुलाकडे पाठ करून पूर्वेला, घोडबंदरच्या बाजूला वल्हवत गेलो. वारा पडलेला, हवा इतकी दमट की श्वास पिळून घ्यावा. मागे जेसल पार्कच्या खिडक्यांतले दिवे एकेक करून लागत होते. एका ठिकाणी दादांनी काठावरचा एक दिवा आणि समोरच्या तिवरांतला एक उंच शेंडा यांची रेघ जुळवली आणि नांगर टाकला. ‘इथं. पाच वाव.’ वाव म्हणजे दोन हात पसरले की होतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. म्हणजे तीस फूट पाणी. होडीच्या दुसऱ्या अंगाला ते दोनच वाव होतं. आम्ही बरोबर कडेवर उभे होतो.

सहा वाजून गेले. पाणी थांबलं. खरंच थांबलं, एक कागदी कप होडीजवळ तरंगत होता तो हलेना. काकांनी घड्याळ बघितलं नाही, कप बघितला. मग कप हळूच पश्चिमेला निघाला.

‘सुकती लागली,’ दादा म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते तुकड्यातुकड्यांत आठवतं. रॉडच्या टोकाला दोन ठोके. मी ओढायला गेले तर काकांनी मनगट धरलं. ‘थांब. खाऊ दे.’ मी थांबले. मोजून पाच. मग रॉड पार वाकला आणि रील किंचाळायला लागली. काका ओरडतायत, ‘ढील दे अगं, ढील दे!’ संक्रांतीचा पतंग असल्यासारखे. होडीपासून वीस हातांवर पाणी फुटलं आणि तो वर आला. अख्खा. हवेत. डोकं झटकत. पूर्वेला जेमतेम तांबडं फुटलं होतं आणि त्याच्या अंगावर ते चमकलं. मला वाटतं मी किंचाळले. नक्की किंचाळले.

दहा मिनिटं लागली असतील. दादांनी हातजाळ्यात घेतला तेव्हा माझे हात थरथरत होते. काट्यावर साडेसात किलो भरला.

गाबोळी

सोडण्याचा प्रश्नच आला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. डोक्यात तो विचारच नव्हता. आणि असता तरी उपयोग नव्हता. ‘खाऊ दे’ म्हणून मोजलेल्या त्या पाच आकड्यांत त्याने गळ पोटापर्यंत गिळला होता. कल्ल्यांतून रक्त येत होतं. काठाला लागेपर्यंत तो शांत झाला.

काकांनी अर्धा भाग माझ्या घरी पाठवायचं ठरवलं, दादांचा वाटा वेगळा. जिताडा म्हणजे काय चीज आहे हे रायगडवाल्यांना विचारा. अलिबाग-पेणकडे घराशेजारच्या तळ्यात जिताडे वाढवतात. साहेबाचं काम अडलं की जिताडा घेऊन जायचा, असं तिकडे गमतीने म्हणतात. बंगाल्यांची भेटकी ती हीच आणि ऑस्ट्रेलियाचा बॅरामुंडीही हाच. कापायला आमच्याच किचनमध्ये घेतला, कारण काकूंना एवढा मोठा मासा ओट्यावर नको होता. आईने पोट उघडलं आणि आनंदाने ओरडली, ‘अगं, गाबोळी बघ केवढी!’

दोन पिशव्या. पिवळ्या, भरगच्च, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब.

आईने त्या दिवशी कैरी घालून कालवण केलं, गाबोळी तव्यावर तळली. छान झाली होती. मी खाल्ली. उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत येते, सोबत काय काय घेऊन येते, असला विचार रोज छळतो. त्या दिवशी तोही आला नाही. दुपारी, सवयीप्रमाणे, मी वाचायला बसले. जर्नलिस्टची खोड. आणि मग संध्याकाळपर्यंत वाचतच राहिले.

जिताडा जन्मतो तो बहुतेक वेळा नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मग मोठा झाला, साधारण हातभराच्या वर गेला, की मादी होतो. त्याच शरीरात. म्हणजे खाडीतले जे खरोखर मोठे जिताडे, ते जवळपास सगळे माद्या. एकेक मादी लाखो अंडी घालते. पावसाळ्याच्या तोंडावर त्या खाडीच्या मुखाकडे सरकतात, खाऱ्या पाण्यात अंडी घालतात आणि पिल्लं भरतीबरोबर पुन्हा आत येतात, तिवरांत, खाजणांत, पावसात भातशेतीच्या बांधांपर्यंत. या माशाची अंडी बंदिस्त तळ्यात काढणं आपल्याकडे पहिल्यांदा जमलं ते १९९७ मध्ये, चेन्नईच्या ‘सिबा’ या संशोधन संस्थेत. म्हणजे तोवर भारतातला प्रत्येक जिताडा अशाच कुठल्यातरी खाडीतल्या आईचा.

आम्ही मे महिन्यात, मुहूर्त काढून, नेमक्या त्या खड्ड्यावर गेलो होतो.

मित्राला लिहिलं. तो म्हणाला, इकडे वीस इंचांवरचा वॉलआय दिवसाला एकच ठेवता येतो. मोठे वॉलआय पण बहुतेक माद्याच. क्वीन्सलंडमध्ये बॅरामुंडी ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा असेल तर साधारणपणे सोडावाच लागतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण ती समुद्रातल्या यांत्रिक बोटींना. काठावरच्या एका गळाला कोण विचारतो?

काकांना सांगितलं तर आधी हसले. ‘म्हणजे काय, प्रत्येक बापाची पुढे आई होते?’ मग मी अंड्यांचा हिशेब सांगितला तेव्हा चिडले. ‘बाजारात गाबोळीसकट मासा मिळतो, तेव्हा तुझी आई दोन पैसे जास्त देऊन घेते. माझ्या एका तंगुसाने खाडी ओस पडणार आहे का? वर्षाला दोन जिताडे नाही मिळत मला.’

दादांचं म्हणणं आणखी सरळ. ‘ताई, तुम्ही सोडला तर पुढे कुणाच्या तरी डोलीत जाईल.’

दोघांचंही खोटं नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस काका चौपाटीवर दिसले तरी आमचं बोलणं ‘काय, बरंय ना?’च्या पुढे गेलं नाही. मी एवढंच केलं की सर्कल हुक मागवले. हा गळ गोल वळलेला असतो, टोक आत वाकलेलं. मासा गिळून वळला की तो पोटात न रुतता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. त्यासाठी झटका मारायचा नाही, दोरी ताणून धरायची फक्त. पाकिटातले अर्धे काकांच्या दारात ठेवून आले. बेल न वाजवता.

दुसरी अष्टमी

जूनचा पहिला आठवडा. पाऊस आला नव्हता, पण नैऋत्येचा वारा सुटला होता आणि खाडीचा रंग चहासारखा झाला होता. ज्येष्ठ शुक्ल अष्टमी. काकांचा आदल्या रात्री मेसेज, ‘पाच वाजता. जॅकेट आण.’ बस एवढाच.

या वेळी खड्डा तोच, मी शिंगाळ्यांवरच. काकांच्या बोटाला ताण आला तेव्हा ते हललेसुद्धा नाहीत. फक्त तंगूस धरून ठेवला आणि हळूहळू घट्ट करत नेला. हाताने एवढा मासा ओढणं काय असतं ते त्या दिवशी बघितलं. तंगुसाने तर्जनीला चीर पडली. मासा होडीला लागला. सर्कल हुक ओठाच्या कोपऱ्यात, अगदी पुस्तकातल्यासारखा.

दादांनी जाळं पुढे केलं. काकांनी मानेनेच नको म्हटलं. पाण्यातच, खालचा जबडा अंगठ्याने धरून त्यांनी दुसऱ्या हाताने माशाची लांबी मापली. एक वीत, दोन, तीन, चार. चौथी शेपटीपर्यंत गेली. पोट फुगलेलं होतं. ते बराच वेळ तसेच वाकून बसले होते. त्यांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. असा मासा त्यांना पुन्हा मिळेल याची गॅरंटी कोण देणार? मी काही बोलले नाही. बोलायची सोयच नव्हती, माझा जिताडा मी गाबोळीसकट खाऊन बसले होते.

‘पक्कड दे,’ काका म्हणाले.

गळ निघाला. त्यांनी मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला, एका हाताने पोटाखाली आधार देऊन. कल्ले उघडले, मिटले, उघडले. मग शेपटीचा एक फटका बसला आणि काकांचा चेहरा, चष्मा, टोपी, सगळं भिजलं.

दादा हसायला लागले. ‘गेला आता, डोलीत!’

‘जाऊ दे,’ काका चष्मा पुसत म्हणाले. ‘निदान माझ्या हिशेबात नाही.’

परतताना ते स्टेशनजवळ थांबले, मासळीवाल्या मावशींकडून अर्धा किलो बोंबील घेतले आणि माझ्या बादलीत टाकले. ‘तुझ्या काकूला सांगायचं नाही,’ त्यांनी बजावलं. जिन्यात काकू भेटल्याच. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं, मग काकांच्या ओल्या टोपीकडे, मग माझ्याकडे.

‘खाडीत बोंबील कधीपासून गळाला लागायला लागले हो?’